गढीकराचे कान

पांढरगोंदीच्या तळ्याकाठी ही जी दगडी छत्री उभी आहे, तिच्यात बसलेल्या माणसाला तोंड नाही. आधी चहूबाजूंनी पाहून घ्या, फोटो काढायचे ते काढा आणि मग सावलीत बसा. तुमच्या हातात दिलेल्या लोटीतलं ताक मात्र प्यायचं नाही. मागे एक साहेब उन्हातून आले आणि कोणी काही सांगायच्या आत घटाघटा पिऊन मोकळे झाले. दिवसभर त्यांचे दात आंबलेले होते. ते ताक कशासाठी आहे ते ओघात येईलच.

पाहिलंत? बैठक आहे, खांदे आहेत, मांडीवर टेकवलेला हात आहे, जरा पुसटलेला. पण गळ्याच्या वर पाहिलं तर वापरून उरलेली साबणाची वडी असावी तसा नुसता गुळगुळीत गोळा. नाक कुठे होतं, ओठ कुठे होते, काही कळत नाही. आणि त्या गोळ्याच्या दोन्ही अंगांना हे दोन कान. काल कोरल्यासारखे. पाळीची वळणं पाहा, वरच्या बाजूला भिकबाळी आहे, तिच्यातला मोती न् मोती वेगळा दिसतो.

पाहुणे विचारतात, कोणत्या स्वारीत फोडली हो मूर्ती? आमच्या गावावर कधी कोणाची स्वारी आली नाही. इथे लुटायला होतं काय! हे तोंड आम्ही घालवलं आहे. आमच्या टोल्यातल्या, म्हणजे पाथरवटांच्या वस्तीतल्या बायकांनी, रोज थोडं थोडं करून. आणि त्याची आम्हाला लाज वाटत नाही.

गोष्ट कळायची तर आधी दगड कळला पाहिजे. आपल्या मुलखात दगड म्हटला की काळा. देव काळे, किल्ले काळे, घरातला पाटा-वरवंटा काळा. तो दगड राकट असतो. त्याच्यावर तेल ओता, दही ओता, शेंदूर फासा, त्याला काही वाटत नाही. आमची ही मागची टेकडी मात्र गोरी आहे. शहरात तुम्ही संगमरवर म्हणता, आम्ही नुसतं गोरा दगड म्हणतो. खाणीतून नुकता काढला की हा दगड मऊ असतो, छिन्नीचं ऐकतो. ऊन-वारा लागला की हळूहळू कडक होतो. कण इतका बारीक, की ताज्या तुटलेल्या कडेवर ऊन पडलं तर साखर सांडल्यागत चमचमतं. पातळ चीप काढून सूर्यासमोर धरली तर उजेड तिच्या आत शिरतो आणि मागे धरलेल्या बोटांची सावली अलीकडे दिसते. वैशाखात, बाहेर विदर्भाचं ऊन डोकं फोडत असताना, या दगडावर गाल टेकवा, जीव निवतो. आणि घासून घासून तुळतुळीत केला की त्याला माणसाच्या कातडीची कळा येते. पापणीची कड, नखाखालचं मांस, हनुवटीवरची खळी, सगळं त्यात उतरतं. म्हणून तर ज्याला ज्याला आपण मरू नये असं वाटतं, तो या दगडाकडे वळतो.

त्याला खोड एकच. आंबट सोसत नाही. चिंच, लिंबू, ताक, आंबील, काहीही सांडलं की तेवढ्या जागेची चकाकी मरते, मग ती जागा खरखरीत होते, मग खचते. तुमच्यापैकी कोणाच्या ओट्यावर हा दगड असेल तर तुम्हाला मी सांगायला नको, लोणच्याची बरणी कुठे ठेवली होती ते ओटाच सांगतो. आमच्यात नवी सून घरी आली की सासू तिला पहिली गोष्ट ही शिकवते: घडवलेल्या दगडावर ताकाचं मडकं टेकायचं नाही.

तर असं सांगतात, की फार पूर्वी या बारा गावांवर रायभान गढीकराचा हुकूम चालायचा. राज्य कोणाचं होतं ते आता कोणालाच नक्की सांगता येत नाही. गढी तळ्याच्या पलीकडे होती. तिच्या जागी आता बाभळी आहेत. रायभान दिसायला देखणा होता म्हणे, आणि ते त्याला पुरेपूर ठाऊक होतं. मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे आपलं तोंड या मुलखात दिसत राहावं, एवढ्या एकाच विचाराने त्याला पछाडलं होतं. त्याने ठरवलं, जिवंतपणीच आपली मूर्ती बसवायची, तीही गोऱ्या दगडाची, अन् अशा दगडाची की ज्याला एकही शीर नाही.

गोऱ्या दगडाला शिरा असतातच. कुठे करडी, कुठे हिरवट. अंगभर निर्मळ दगड सापडणं म्हणजे नशीबच. तसा दगड साऱ्या खाणीत एकाच ठिकाणी होता. खाणीच्या तोंडाशी, आतलं छत पेलण्यासाठी पाथरवटांनी मुद्दाम न तोडता राखलेला एक जाड खांब होता, तो. सकाळी सूर्य वर आला की त्या खांबाच्या कडा उजळायच्या. रायभान खाण पाहायला आला, खांबावर तळहात ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, हाच काढा.

खाणीचा मुख्य पाथरवट डोमा. त्याने हात जोडले. म्हणाला, "मालक, त्या खांबाले हात नका लावू जी. तो खांब आमच्या डोक्यावरचं छप्पर धरून हाय."

रायभानाने सागाची लाकडं पाठवली. छपराला टेकू द्या आणि खांब काढा, असा हुकूम. बारा गावांत त्याला नाही म्हणणारा कोणी नव्हता, आणि डोमाही शेवटी त्याच्याच जमिनीवर राहणारा माणूस. लाकडाचे टेकू देऊन त्याने खांब वरून-खालून सोडवत आणला. ज्या सकाळी खांब सुटला, तेव्हा तो बाहेरच्या अंगाला आडवा कोसळला, सबंध, एक टवकाही न उडता. त्याच्या मागोमाग टेकू मोडले आणि छत खाली आलं. डोमा आणि त्याचे सोबती आतच राहिले. खाणीचं तोंड त्या पांढऱ्या शिळेने आणि तिच्यावर साचलेल्या ढिगाऱ्याने बंद झालं.

डोमाची बायको कौतिका खाणीवरच काम करायची, दगडाची कच पाटीत भरून बाहेर टाकायची. ती धावत आली आणि शिळेला कान लावून बसली. आतून ठोकल्याचा आवाज येत होता. दोन जड ठोके आणि एक हलका. डोमाचा हात असाच चालायचा, तो तिला हजारांत ओळखू आला असता. ती ओरडली, "जित्ते हायत! फोडा हा दगड, फोडा!"

टोल्यातली माणसं घण घेऊन धावली. शिळा मधोमध फोडली की वाट मोकळी होणार होती, दुपारच्या आत माणसं बाहेर आली असती. तेवढ्यात रायभान आला. त्याने सगळ्यांना हातानेच थांबवलं. शिळेजवळ वाकला आणि त्यानेही कान लावला. हे सगळ्यांनी पाहिलं, म्हणून मी पुन्हा सांगते: त्याने कान लावला, आणि त्याला आवाज ऐकू आला. त्याचा चेहरा क्षणभर उतरला, असंही सांगतात. मग तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "दगड फोडायचा नाही. आधी दगड सुखरूप उतरवा, मग माणसं काढा."

गढीचे शिपाई भोवती उभे राहिले. मग गवताच्या पेंढ्या आल्या, लाकडाचे ओंडके आले, दोरखंड आले, बैल आले. कोपरा दुखावू नये म्हणून शिळेला गोधड्या गुंडाळल्या. वीतभर सरकवायची, थांबायचं, पुन्हा सरकवायची. आणि इतका सगळा वेळ आतून ठोके येत होते. आधी जोरात, मग थांबून थांबून, मग नुसता हलका ठोका. कौतिका शिळेला धरून बसली होती, तिला ओढून बाजूला केलं. शिळा टेकडीखाली पोचली त्याच्या कितीतरी आधी आवाज बंद झाला होता. नंतर ढिगारा उपसला. आत काय सापडलं ते सांगायची आमच्यात रीत नाही.

त्या शिळेची मूर्ती घडवायला रायभानाने लांबून कारागीर आणला. टोल्यातल्या एकाही हाताने तिला छिन्नी लावली नाही. कारागीर पट्टीचा होता, त्याने रायभानाला दगडात जिवंत बसवलं. ओठांवरचं ते किंचित हसू, गालावरची खळी, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या, सगळं. सकाळचं ऊन मागून आलं की कानाच्या पाळ्या आतून उजळायच्या, रक्त वाहत असल्यासारख्या. लोक बघायला यायचे आणि दोन पावलं मागे सरायचे.

जाताना कारागिराने सांगितलं, "मालक, हिला नुसत्या पाण्याने पुसत जा. बाकी काही लावू नका." रायभान हसला म्हणे. गढीतल्या काळ्या कुळदेवाला पिढ्यान्‌पिढ्या रोज पंचामृताचं स्नान होत होतं आणि देवाचं नाक आहे तिथे होतं. देवाला पंचामृत आणि गढीकराला नुसतं पाणी? त्याने बारा गावांचे पाटील बोलावले आणि सगळ्यांपुढे हातावरून पाणी सोडून संकल्प केला, की या मूर्तीला रोज पंचामृताचं स्नान घडेल, मी असेपर्यंत आणि मी गेल्यावरही. हे जो मोडेल, मग तो मी का असेना, त्याला नरकातही जागा मिळू नये. काळ्या दगडाच्या मुलखात जन्म गेला होता त्याचा. दगड म्हणजे दगड, एवढंच त्याला माहीत.

या संकल्पाची बातमी टोल्यात आली त्याच दिवशी कौतिका उठली. नवरा गेल्यापासून ती कोणाशी बोलली नव्हती. थेट गढीवर गेली आणि म्हणाली, "मालक, मूर्तीच्या आंघोळीची सेवा मले द्या जी. माझा माणूस त्याच दगडापायी गेला. आता तो दगडच माझा देव." रायभानाला भरून आलं. बघा, असं त्याने दरबारात सांगितलं म्हणे, आमच्या रयतेचं आमच्यावर किती प्रेम आहे! छत्रीची पूजा पाथरवटाच्या बाईने करायची याला भटजींनी तोंड वाकडं केलं, पण मूर्ती देवाची नव्हती, त्यामुळे त्यांचंही फार चाललं नाही.

टोल्याने तिच्याकडे पाठ फिरवली. ज्याने नवरा मारला त्याला न्हाऊ घालायला निघालेली बाई! तिच्या चुलीचा विस्तव कोणी घेईना. मग एक दिवस शेजारची म्हातारी भांडायला म्हणून तिच्या घरात शिरली आणि तिने उतरंडीतली मडकी पाहिली. दही विरजून तिथेच ठेवलेलं, पाणी सुटलेलं, नाक धरावं असं आंबलेलं. बाजूला चिंच भिजत घातलेली. म्हातारी आल्या पावली मागे वळली. घरी गेली आणि आपल्याकडचं शिळं ताक घेऊन आली. त्या दिवसापासून टोल्यातल्या प्रत्येक घरातून कौतिकाकडे ताक यायला लागलं, आणि टोल्याबाहेर एक शब्द गेला नाही.

रोज सकाळी ती मूर्ती न्हाऊ घालायची. पंचामृत दिसायला पंचामृतच असायचं, पण त्यात दही जुनं, दूध नासलेलं, आणि मध-साखर नावाला. हाताच्या तळव्याने ती चेहऱ्यावर चोळायची, हळुवार, आईने लेकराला चोळावं तसं. पंचामृतातलं तूप मात्र ती वेगळं काढायची आणि दोन्ही कानांना आतून-बाहेरून लावायची, पहिल्यांदा, आंबट पडायच्या आधी. रायभान समोर बसून पाहायचा. कानाला तूप का गं, असं त्याने एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "कान मोठे नाजूक कोरले हायत जी, जपाले पाहिजेत." त्याला ते पटलं.

पहिल्या पावसाळ्यानंतर चेहऱ्याची चकाकी गेली. रायभानाला कारागिराचे शब्द आठवले असतील, नाही कशाला? पण आता पंचामृत थांबवायचं म्हणजे आपण देवापेक्षा कच्चे हे बारा गावांपुढे कबूल करायचं, शिवाय स्वतःच उच्चारलेला शाप होताच. त्याने तोडगा काढला. दरसाल मूर्ती घासून पुन्हा चकचकीत करायची. घासलं की चकाकी यायची, आणि घासण्याने चेहऱ्याचा एक पापुद्राही जायचा. कानांची चकाकी तुपाने टिकलेली, त्यांना घासावंच लागायचं नाही. आधी सुरकुत्या गेल्या. त्याला बरं वाटलं, आपण तरुण दिसतो म्हणून! मग खळी गेली. मग ओठांवरचं हसू गेलं, तेव्हा तो चिडला. भटजींवर संशय घेतला, भावकीवर घेतला, तळ्याच्या वाऱ्यावर घेतला. करणी केली म्हणून दोन माणसांना गाव सोडायला लावलं. समोर रोज मूर्तीपुढे डोकं टेकणाऱ्या बाईवर त्याचा संशय गेला नाही.

वर्षं गेली. रायभान म्हातारा झाला, डोळे गेले. मूर्ती कशी आहे असं विचारलं की आसपासचे म्हणायचे, तशीच आहे मालक, अगदी तुमच्यासारखी. एका सकाळी त्याला काय वाटलं कोण जाणे, दोन माणसांचा आधार घेऊन तो छत्रीत आला आणि त्यांना दूर जायला सांगितलं. कौतिका तिथेच होती, तीही म्हातारी झालेली. त्याने हात पुढे करून मूर्तीचं तोंड चाचपलं. कपाळ लागलं, त्याखाली काहीच लागेना. नाक शोधलं, ओठ शोधले. बोटं पुन्हा पुन्हा त्याच गुळगुळीत जागेवर फिरत राहिली. मग हात बाजूला सरकले आणि कान हाताला लागले. धारदार, पुरते. भिकबाळीचा मोती न् मोती.

"कान कसे राहिले?" त्याने विचारलं.

"म्या राखले जी," कौतिका म्हणाली. "डोमा आतून ठोकत होता ते याच कानांनी आयकलं होतं तुमी. म्हणून कान राखले. बाकीचं म्या खाल्लं."

असं सांगतात, की त्याचे हात दगडी कानांवरून खाली आले. मग म्हणाला, "बस कर आता."

"कसं करू जी? बारा गावांपुढं पाणी सोडलं तुमी. तुमचा शबद म्या मोडू काय?"

शिपायांना हाक मारावी आणि हिचं डोकं उडवावं, हे त्याच्या हातात होतं. पण मग का उडवलं ते सांगावं लागलं असतं. या बाईने त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं तोंड पुसून टाकलं आणि तो रोज समोर बसून कौतुक करत होता, हे बारा गावांना कळलं असतं. त्याने हाक मारली नाही. कौतिकाने तळ्याकाठचा एक गोटा उचलला आणि दगडी कानाशेजारी छत्रीच्या खांबावर ठोकला. दोन जड आणि एक हलका.

त्यानंतर ती रोज स्नान झालं की तसं ठोकायची. तळ्यावरून आवाज गढीत जायचा. म्हाताऱ्याने खिडक्या बंद करून घेतल्या, कानांत कापूस घातला, तरी त्याला ऐकू येई म्हणे. शेवटी त्याने मेण्यातून स्वतःला छत्रीत आणवलं, हाताने चाचपडत कौतिकाचे पाय शोधले आणि धरले. "तेवढे कानही घालव," तो म्हणाला. "उरलं ते सगळं घालव. तुझ्या पाया पडतो."

कौतिकाने पाय सोडवून घेतले. "डोमानं बी लय विनवलं असन जी," ती म्हणाली. आणि तुपाची वाटी घेऊन कानांना तूप लावायला लागली.

तो त्याच पावसाळ्यात गेला. कौतिका पुढे बरीच वर्षं होती. मरताना तिने वाटी शेजारणीच्या सुनेच्या हातात दिली, तिने पुढच्या बाईच्या, आणि तशी ती आमच्यापर्यंत आली आहे. मध्यंतरी शहरातून काही भली माणसं आली होती. म्हणाली, आजी, आम्ही मूर्तीचं तोंड पूर्वीसारखं बसवून देतो, जुनी कला वाचली पाहिजे. आम्ही त्यांना गावाच्या वेशीपर्यंत पोचवून आलो. इतकं झालं, आता राग सोडा, असंही म्हणणारे भेटतात. त्यांचं माणूस त्या शिळेमागे नव्हतं. मी माझ्या मनातला राग सोडलेला नाही, माझ्या सुनेलाही सोडू देणार नाही.

आजही पांढरगोंदीत वैशाखी अमावास्येला टोल्यातल्या बायका घरोघरचं आंबट ताक घेऊन इथे येतात, आणि एरवी जो पाहुणा येईल त्याच्या हातात एक लोटी दिली जाते. आता उठा, बाई, तुम्ही पहिल्या. तोंड होतं तिथे ओता. झालं? हा गोटा घ्या आणि या खांबावर ठोका, मी दाखवते तसं. कानांना हात लावू नका, त्यांना तूप मी सकाळीच लावलं आहे.